मागे उभे राहणारे कोणी

प्रिय लोरेटा,
थोरल्या भावाचे आशीर्वाद. माझी प्रकृती उत्तम आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

शिकागोजवळचे, गाड्या मुक्कामाला लावायचे तीन तळ पाहिले. आमच्या चाळीस फुटी, चाकांवरच्या फिरत्या घरासाठी या तळवाल्या दीडशहाण्यांनी आखलेल्या जागेत एखादी हातगाडी जेमतेम मावेल.

“काका, गाडी मागे घेताना हात दाखवायला काकू नाहीत का?” तिसऱ्या तळाच्या व्यवस्थापकाने विचारले.

“मार्चमध्ये वारली.”

“बरं, मग मीच दाखवतो!” म्हणत तो मूर्ख माश्या हाकलल्यासारखे हात हलवू लागला. माझी विनिफ्रेड नुसता तळहात उचलत असे, की मी थांबत असे.

सवयीने मी डाव्या आरशात तोच तळहात शोधत राहिलो, आणि गाडीच्या धक्क्याने मागचा विजेचा खांब आडवा झाला.

तुझ्या आवारात गाडी मागे न घेता उभी करता येईल काय? त्वरित कळवावे.

तुझा बंधू,
एल्सवर्थ