टाचेचा बिब्बा, गालाची साय

८ ऑक्टोबर
दिवसा चटका, पहाटे गारवा. घरात सगळ्यांची कातडी फुटली. सासूबाईंच्या टाचेच्या भेगांतून तर रक्त येऊन राह्यलं. सांजच्याला बिब्बा सुईले टोचून दिव्यावर धरला, तेल भेगांत सोडलं. "अजून जरासं सोड वं, बरं वाटते." बोटं मलमलच्या फडक्याले पुसली. मग साबणानं हात धुतले.

९ ऑक्टोबर
चिऊचे गाल खरखरीत. बेसन, साय, चिमूटभर हळद लावली. चार वर्षांची पोर, गुदगुल्या होतात म्हणून घरभर पळाली. धरून मऊ फडक्यानं पुसून काढलं. गाल कसे लोण्यासारखे झाले.

११ ऑक्टोबर
चिऊचा उजवा गाल लाल. बारीक पाण्याचे फोड. हे म्हणे, "काऊन वं, काय लावलं तिले?" म्हटलं, बेसन-साय, दरसालचीच. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून जाळल्या. ठसका आला नाही. म्हणजे नजरच, म्हणे.

१२ सकाळ
उजवा डोळा सुजून मिटला. पापणीवरही फोड. देवा.
चिखलीच्या डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही लागलं का? हे बाजूलेच होते. मी म्हटलं, नाही.

१२ दुपार
दोरीवर मलमलचं फडकं दिसलं. त्याच्यावर बिब्ब्याचे काळे डाग. त्याच फडक्यानं चिऊचं तोंड पुसलं मी. बिब्बा उतला हाय पोरीवर, त्याच्याच तेलाचे फोड हे. सांगू कोणाले? डॉक्टरले तर नाही म्हणून आली. डोळ्यात गेलं असंल तर...

१३ ऑक्टोबर
सकाळी फडकं दोरीवर नव्हतं. सासूबाई लिंबाखाली माती दाबत होत्या.
"मले कालच समजलं. पुरून टाकलं. बोलू नको कोणाले."
"डॉक्टरले तरी सांगा लागंल."
"माह्या टाचेपायी पोरीचा डोळा गेला म्हणंल माहा पोरगा. मले घरात तोंड दाखवाले जागा राहीन का?"
त्या माह्यापेक्षा जास्त भ्यायल्या. मले राग आला अन् रडूही आलं. दोघीही मेल्या भित्र्या. पोर कण्हते अन् आम्ही फडकी पुरतो.

१३ सांज
सांगितलं. यांच्यासमोरच. डॉक्टर चिडले, "काल सांगायचं ना, बाई." औषध बदललं, डोळ्यात घालाले थेंब दिले. सूज उतरल्यावर डोळा तपासू, म्हणे. आत्ताच काही सांगता येत नाही.
घरी आल्यावर हे चिऊले मांडीवर घेऊन बसले, माह्याकडं पाह्यलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ ऑक्टोबर
गालाचे फोड सुकून राह्यले. गालाचं काय, डाग राहिला तर राहो. डोळ्याची भीती जात नाही. सासूबाई टाचेले काहीच लावत नाहीत, खोबरेल दिलं तेही नाही. लंगडत फिरतात.

१७ ऑक्टोबर
पापणी फटीएवढी उघडली. डावा डोळा झाकून पाहावं, उजव्यानं दिसते का. सकाळपासून हिंमत झाली नाही. सासूबाई म्हणे, "तूच पाह्य." मी म्हटलं, तुम्ही पाहा.
चिऊ कंटाळली होती. स्वतःच डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला अन् म्हणे, "कोणी बोलू नका. समोर कोण हाय, मी ओळखते."
मी समोर जाऊन बसली. सासूबाईंनी मागून माहा खांदा धरला.
चिऊनं मान जराशी वाकडी केली अन् म्हणे, "आई. खांद्यावर आजीचा हात."