वाण परत मागणाऱ्या भावास

सदाशिव पेठ, पुणे
रथसप्तमीचा दुसरा दिवस

चि. दिगंबर यास सुहासिनीताईचे अनेक आशीर्वाद.

तू सख्ख्या बहिणीला सोसायटीच्या लेटरहेडवर, खाली रबरी शिक्का मारून नोटीस पाठवलीस, म्हणून हे पत्र लिहिणे भाग पडले. तुझी प्रकृती कशी आहे? (तुझी कुसुम म्हणाली, बरी आहे, फक्त आवाज चढतो.) माझे गुडघे आपापल्या जागी आहेत. नोटिशीत तू लिहितोस की मी हळदीकुंकवाच्या निमित्ताने सोसायटीतील महिलांना 'आक्षेपार्ह हत्यारे' वाटली, आणि ती मी घरोघरी फिरून गोळा करावीत व सेक्रेटरीकडे, म्हणजे तुझ्याकडे, जमा करावीत. ज्याला तू हत्यार म्हणतोस त्याला बाजारात टेस्टर म्हणतात. तुझ्या घरातही एक आहे. त्याने तू श्रीखंडाच्या डब्याचे झाकण उघडतोस, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मुळात हे सारे तुझ्यामुळे झाले. आमचा विज्ञान शिक्षकांचा गट आहे हे तुला ठाऊक आहे. निरनिराळ्या शाळांतले आम्ही महिन्यातून एकदा जमतो आणि मुली विज्ञानात मागे का राहतात याचा विचार करतो. (तू त्याला 'ताईची भिशी' म्हणतोस, तेही मला कळले आहे.) आमच्या पाहणीत असे दिसले की प्रयोगशाळेत उपकरणाला हात लावतात मुलगे, आणि मुली शेजारी बसून सुंदर अक्षरात वही लिहितात. तुझी पद्मजा टेस्टरची आकृती अशी काढते की फ्रेम करून लावावी, पण चौदा वर्षांत तिने टेस्टर हातात धरलेला नाही. म्हणून मुलींसाठी दर रविवारी एक वर्ग काढायचे ठरले. फ्यूज बांधायचा, प्लग जोडायचा, मिक्सर उघडून परत बंद करायचा. तुमच्या सोसायटीचा हॉल वर्षभर रिकामा असतो, त्यात फक्त मोडक्या खुर्च्या आणि गणपतीचे मखर. तो मी मागितला. तू म्हणालास, "ताई, मुलींना शॉक लागला तर जबाबदारी कोणाची?" आणि पद्मजेला वर्गाला पाठवायचे नाही, हेही त्याच दमात सांगितलेस.

वर्गाला नाही म्हणता येते, दिगंबर. हळदीकुंकवाला नाही म्हणायची पुण्यात कोणाची छाती नाही. कुसुमने तुझ्याच घरात आमंत्रणे केली. कुंकू लावणाऱ्या, न लावणाऱ्या, सगळ्यांना बोलावले, कारण वीज ते पाहत नाही. आमच्या गटातले श्याम सर खडकवासल्याहून मुद्दाम आले. आत यायला लाजले, म्हणून त्यांना दारात अत्तर लावायला उभे केले. (त्यांनी ते इतक्या मनापासून लावले की दोन दिवस माझ्या चष्म्याला वास येत होता.) आणि वाण म्हणून, प्लास्टिकची साबणदाणी न देता, प्रत्येकीला एक टेस्टर दिला. तो कसा धरायचा, कुठे लावायचा आणि कुठे मुळीच लावायचा नाही, हे तिळगुळाबरोबर समजावून सांगितले. बायका फार शहाण्यासारख्या ऐकत होत्या. पुढे काय होणार याची मला कल्पना नव्हती असे मी म्हणणार नाही, पण इतक्या लवकर होईल असे वाटले नव्हते.

वरच्या मजल्यावरच्या आनंदीबाईंना फ्रीजला हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या येत. त्यांनी तो वात समजून तेल लावायला घेतले. वैद्यांनी वांगी बंद केली, मग बटाटा, मग हरभऱ्याची डाळ. सगळे बंद झाले, फ्रीज तेवढा चालू राहिला. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी सहज टेस्टर फ्रीजच्या दाराला लावला आणि टेस्टरमधला दिवा लागला! त्यांनी यजमानांना हाक मारली. आप्पासाहेब वीज खात्यातून निवृत्त झालेले, घरात कोणाला बटणसुद्धा बदलू देत नाहीत. ते मॅचवरची नजर न काढता म्हणाले, "अगं, तुला लग्नापासून सगळंच झोंबतं."

आनंदीबाई म्हणाल्या, "अहो, ती रबरी चप्पल काढा आणि मग हात लावा."

आप्पासाहेबांनी चप्पल काढली, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पाय ठेवला, दाराला हात लावला, आणि जो काही उडीचा प्रकार केला त्यात ताकाचे पातेले गेले. खाली उतरल्यावर त्यांनी गंभीरपणे जाहीर केले, "यात करंट आहे." (हा शोध त्यांनीच लावला, असे ते आता जिन्यात सर्वांना सांगतात.)

मग काय, प्रत्येक मजल्यावर दिवे लागू लागले. कोणाचा फ्रीज, कोणाचा मिक्सर, कोणाचे धुण्याचे यंत्र. सोसायटीतल्या बायका एकजात झिणझिणत होत्या आणि प्रत्येकीला वाटत होते की हे आपले वय आहे. पुरुषांना कोणालाच काही जाणवले नव्हते. कारण सोपे आहे, त्यासाठी स्वयंपाकघरात जावे लागते.

घराघरांत एकच दोष, म्हणजे अर्थिंग गेलेले. गळणारी वीज माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी म्हणून इमारतीवरून एक लोखंडी पट्टी खाली उतरलेली असते, ती पद्मजा शोधत निघाली. गच्चीपासून पट्टी नीट होती. जिन्याच्या खिडकीपाशी नीट होती. तळाशी येऊन ती तुझ्या क्रोटनच्या कुंडीत शिरली होती आणि तिथेच संपत होती. मागच्या दिवाळीत रंगकाम करताना 'भिंतीवर बरी दिसत नाही' म्हणून ती कापून टोक कुंडीत लपवायला कोणी सांगितले, हे रंगाऱ्याने कुसुमला सांगितले आहे. दिगंबर, तू अख्ख्या सोसायटीचे अर्थिंग एका सिमेंटच्या कुंडीत केलेस. मुलींना शॉक लागला तर जबाबदारी कोणाची, असा तुझा प्रश्न होता. उत्तर मिळाले असावे.

पद्मजेने मग योग्य तेच केले, मेन स्विच खाली ओढला. मॅच ऐन रंगात होती हे खरे. पुरुष मंडळी इतक्या वेगाने जिना उतरली की श्याम सरांना वाटले आग लागली, आणि हातातले अत्तर त्यांनी पुढे केले. तू सर्वांत पुढे होतास. "कोणी बंद केलं हे?" असे ओरडलास, तेव्हा तुझी मुलगी टेस्टर धरून उभी होती आणि म्हणाली, "बाबा, आधी सांगा, तुम्ही चप्पल घातली आहे का?" इतक्या काळजीने तुझी विचारपूस आजवर कोणी केली नसेल. तू तिला वर पाठवलेस आणि मला नोटीस.

आता नोटिशीचे उत्तर. वाण परत घेता येत नाही. दिलेले वाण परत मागणारा माणूस आपल्या घराण्यात झालेला नाही, आणि तो पहिला तू व्हावास अशी माझी इच्छा नाही. तुझी अंमलबजावणीची हौस फारच असेल तर स्वतः घरोघरी जाऊन माग. सुरुवात आनंदीबाईंपासून कर. त्या वांग्याची भाजी करत असतील.

कुसुमला आशीर्वाद. पद्मजेला शाबासकी.

तुझी,
सुहासिनीताई

ता. क. : येत्या रविवारपासून हॉल हवा आहे. पहिल्या वर्गाचा विषय अर्थिंग. खड्डा खणायला, मीठ आणि कोळसा भरायला मुली तयार आहेत. पक्की जोडणी परवानाधारक वायरमन करील. पद्मजेने आधी वर्गात यावे, मग घरी अभ्यास करावा. क्रोटन दुसरीकडे हलव.

दुसरा ता. क. : अर्थिंग होईपर्यंत कुसुम स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. ही कल्पना तिची आहे, मी फक्त हो म्हटले. तेव्हा स्वयंपाक तू करायचा आहेस. आमटीला चिंच आधी घालू नकोस, डाळ शिजत नाही.

पद्मजेच्या हस्ते सुपूर्द :
टेस्टर – एकही नाही.
तुझी नोटीस – एक. मागची बाजू कोरी आहे, वाणसामानाची यादी करता येईल.
रबरी चप्पल – एक जोड, तुझ्या मापाची. स्वयंपाकघरात वापरणे.

सौ. कुसुमकडून घेतले :
हॉलची किल्ली – एक. काल संध्याकाळीच मिळाली.