माझी संध्याकाळ आणि घड्याळाची

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार, आणि तोही न पेंगता केलेला. भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुझं रक्तदाब तपासणं चालू आहे ना? (भाऊजींशी भांडून झाल्याबरोबर तपासत जाऊ नकोस, मग उगाच यंत्राला नावं ठेवतेस.) पत्र मुद्दाम ब्रेलमध्ये लिहितोय. लहानपणी माझी पत्रं चोरून वाचता यावीत म्हणून तू ब्रेल शिकलीस, ते आज माझ्याच पथ्यावर पडलंय. तुझ्या भावजयीला ब्रेल येत नाही, आणि पुढचं तिला कळता कामा नये.

पहिली बातमी म्हणजे मी आळशी नाही. हे मी म्हणत नाही, डॉक्टरीणबाई म्हणतात. प्रत्येकाच्या आत एक घड्याळ असतं आणि ते रोज दिवसाच्या उजेडावर लावून घेतलं जातं म्हणे. माझ्या डोळ्यांत उजेडाचा कणही शिरत नाही, त्यामुळे माझं घड्याळ आपल्या मनाने चालतं आणि रोज पाऊण तास मागे पडतं. महिन्यातले दहा-बारा दिवस मी चारचौघांसारखा असतो, मग सरकत सरकत भर दुपारी माझी मध्यरात्र होते, आणि असं फिरून पुन्हा जागेवर येतो. (नोकरीची मुलाखत आणि लग्नाआधीच्या भेटी, दोन्ही चांगल्या दिवसांत झाल्या. फसवायचा हेतू नव्हता. दोन्हीकडच्या मंडळींना पुढच्या पंधरवड्यात काय ते कळलंच.) शाळेसाठी उठवताना तू माझ्यावर तांब्याभर पाणी ओतायचीस, त्यातले निम्मे तांबे अन्यायाचे होते. हे मी रागाने नाही, नोंद असावी म्हणून लिहितोय.

आता छापखान्याचं. आमच्या ब्रेल छापखान्यात मी छापून आलेली पानं बोटांनी वाचून चुका काढतो, हे तुला ठाऊक आहेच. गेल्या महिन्यात दुपारी दोनला चौथीच्या विज्ञानावर माझं डोकं टेकलं. उठलो तेव्हा गालावर अर्धा धडा उमटला होता. शेजारी बसणारे आमचे स्वल्पविराम (सर्वांत जुने तपासनीस, दर चार शब्दांनी दम खातात म्हणून हे नाव) यांनी माझा गाल चाचपला आणि अक्षरं उलटी आणि खड्ड्यांची असूनही त्यात एक टिंब कमी असल्याचं जाहीर केलं. ते हसण्यावारी गेलं. पण त्याच पेंगेत ‘पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला पंचवीस तास लागतात’ हे वाक्य मी बिनबोभाट पुढे पाठवलं होतं. व्यवस्थापिकाबाईंच्या मते ही घोडचूक. माझ्यापुरती ती जवळजवळ खरी माहिती होती, पण ते समजावण्याची ती वेळ नव्हती. बाई शांतपणे म्हणाल्या, “दोन महिन्यांत ताळ्यावर या, नाहीतर बाइंडिंगला बसा.” बाइंडिंगच्या कामाला मी कमी लेखत नाही. पण ताई, नवं कोरं पुस्तक सगळ्यांच्या आधी माझ्या बोटांखालून जातं. ते सुख गेलं तर मला फार वाईट वाटेल.

म्हणून मेलाटोनिनची गोळी सुरू झाली. ‘आता रात्र झाली’ हा निरोप शरीराला देणारं हेच द्रव्य आपल्या अंगात रोज तयार होतं, फक्त माझ्याकडे ते भलत्या वेळी होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गोळी रोज संध्याकाळी घ्या. मी इमानेइतबारे रोज संध्याकाळी घेतली. फक्त कुणाच्या संध्याकाळी, हे विचारायचं राहिलं. मला पेंग येऊ लागली की माझी संध्याकाळ झाली, असा माझा आजन्म हिशोब, आणि ती तर रोज पाऊण तास पुढे जाते. गोळीही माझ्यामागोमाग निघाली. अठराव्या दिवशी मी सकाळी साडेदहाला, छापखान्यात चहाबरोबर, संध्याकाळची गोळी घेत होतो. मला वळण लावायला आलेली गोळी माझ्याच नादी लागली होती.

दरम्यान ‘गोळी अगदी कुचकामी आहे’ असं मी घरी ठणकावून सांगितलं होतं. तुझी भावजय तडक दवाखान्यात गेली आणि डॉक्टरीणबाईंना नाही नाही ते बोलून आली. दुसऱ्या दिवशी बाईंचा मला फोन. एवढंच विचारलं, “गोळी किती वाजता घेता?” मी खरं सांगितलं. त्यांनी माझ्याकडून तेच पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, “आजपासून नऊ वाजता. तुमच्यात नाही, घड्याळात.”

बाकी सगळं ठीक. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
(निम्म्या तांब्यांपुरता निर्दोष) धाकटा

ता. क. हे भावजयीला बोलू नकोस. कळलं तर तिला डॉक्टरीणबाईंची माफी मागायला जावं लागेल, आणि परतल्यावर ती माझ्याकडे वळेल.

ता. क. दुसरा. खरं काम हे. बोलकं घड्याळ आणलंय, पण गजर पुरता वाजायच्या आत तो पेंगेतच बंद करण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही. भावजय नऊ वाजता कामावर असते. तेव्हा ताई, रोज रात्री बरोबर नऊला मला तू फोन करशील का? एवढी वर्षं मला उठवलंस, आता महिनाभर झोपव. बंद करायचं बटण मला आजवर सापडलं नाही असा एकच आवाज आहे, तो तुझा.

ता. क. शेवटचा. तिसऱ्या पानाच्या मध्यावर टिंबं चेपलेली लागली तर पोस्टमनला बोल लावू नकोस. तिथे माझा गाल होता.