पिवळट शीट

अण्णा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझा हिशोब मिटलेला नाही. कापसाच्या व्यापाऱ्याचा तो महागडा टीव्ही आठवतो ना? पडदा अर्धा अंधारला होता. वडीगोद्रीच्या आपल्या दुकानात तुम्ही तो उघडला. पडद्यामागच्या प्लास्टिकच्या पातळ शीट निघतील त्या क्रमाने मी स्वच्छ चादरीवर मांडत होतो. त्यातली एक पिवळट होती. तुम्ही म्हणालात, "गरमीनं पिवळी पडली. फेक." मी म्हणालो, "अण्णा, सगळीकडं सारखीच पिवळी हाय. गरमीनं असती तर दिव्यांसमोरच डाग पडले असते." "धावी नापास, अन् मला शिकवून राह्यला का?" शीट चुरगाळून तुम्ही कचऱ्यात टाकलीत.

टीव्ही लावला तर चित्र निळंशार. व्यापारी दारात उभा. तुम्ही माझ्या कानाखाली वाजवलीत आणि त्याला सांगितलंत, "पोट्ट्यानं शीट फाडली, शेठ." वर्षभरात तुम्ही गेलात. ते वाक्य मात्र गावात राहिलं.

ती शीट म्हणजे काय होतं, ते मी नंतर वाचून काढलं. तिच्यात अर्धवाहक पदार्थाचे इतके बारीक स्फटिक असतात की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. मागचे दिवे मुळातच निळे. त्या उजेडात मोठे स्फटिक लाल चमकतात, लहान हिरवे. पदार्थ एकच, रंग ठरतो आकारावर. लाल, हिरवा आणि उरलेला निळा मिळून पांढरा उजेड होतो. प्रयोगशाळेत असेच स्फटिक पेशींना चिकटवून त्यांचा माग काढतात. तुम्ही ते कचऱ्यात टाकलेत.

आज तोच व्यापारी दुसरा टीव्ही घेऊन आला. शेजारच्या हॉटेलात चहा पिणाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शीट फाडणारा तूच ना रं?" अंधार व्हावा म्हणून मी शटर अर्धं ओढलं, त्याचा टीव्ही उघडून तशीच शीट काढली आणि खालून निळा दिवा धरला. वर पांढुरका उजेड आला. म्हणालो, "शेठ, तुमची शीट मी फाडली न्हवती. अण्णांनी फेकली."

तो म्हणाला, "मेलेला बाप जवाब द्यायला येत न्हाई, म्हणून बोलून राह्यला का?"

"मी तर जिवंत होतो, तवा मला तरी कुठं कुणी बोलू दिलं?"

चहावाल्यांपैकी कुणीतरी हसलं. व्यापारी स्टूल ओढून बसला. "कर बराबर. पण माझ्यासमोर कर." मी केलं. चित्र स्वच्छ आलं. तुमची चूक आज चार माणसांना कळली, उद्या गावाला कळेल. मला फार बरं वाटलं, अण्णा. अजूनही वाटतंय.

त्याच भरात पेंटरला बोलावलं, पाटीवरचं तुमचं नाव पुसायला. तो शिडी लावून वर चढला, "नवीन नाव काय टाकू?" म्हणाला, आणि मी त्याला खाली उतरवून चहा पाजून परत पाठवलं. तुमची दया आली म्हणून नव्हे. माझ्या नावावर टीव्ही कोण आणील, याची भीती वाटली.