दादाच्या टॅरंटुलाची कात

आई,

दादाच्या टेबलावर ताटलीत आहे ती टॅरंटुला कोळ्याची नुसती कात आहे. मागच्या वेळी तो मेला समजून तू रडत रडत कात कुंडीत पुरलीस, तसं करू नकोस. तो पेटीत आहे. अंग कडक होईपर्यंत खायला घालू नकोस.

कात भिजवून उलगडली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पोटाच्या आतल्या बाजूला मादीची पिशवी स्पष्ट दिसते. "हाही लवकर जाईल का गं?" असं विचारलं होतंस ना? नर लवकर जातात. ही मादी आहे, वीसेक वर्षं राहील.

दादा गेल्यापासून तू पेटीपाशी बसून त्याच्या नावाने हाक मारतेस. मारत जा. काल दाराआड उभी राहून मीही 'ओ'ची वाट पाहिली.

धाकटी