तांडेलाची सर्दी

सोम., ३ फेब्रु.
सॉल्टमार्क २ हा गेम आला एकदाचा. सात वर्षं वाट बघतोय. दुपारी जेवणं उरकली आणि आई खुर्ची ओढून टीव्हीसमोर हजर. मोतीबिंदू पिकलाय, दोन्ही डोळ्यांना उजेड आणि हलणारे डाग एवढंच कळतं, तरी जागा ठरलेली. पहिला भाग तिने माझ्या शेजारी बसून मटार सोलत अख्खा बघितला होता. इंग्रजी येत नाही, म्हणून पात्रांचं बोलणं मी मालवणीत सांगायचो. त्यातल्या म्हाताऱ्या नावाड्यावर तिचा भारी जीव. त्याला ती तांडेल म्हणते, नायिकेला चेडू.
सुरू करण्याआधी गाऱ्हाणं. गावच्या देवळात घालतात तसंच, फक्त नारळ नाही. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक आणि तांडेलाक सांभाळ रे म्हाराजा." मी: "व्हय म्हाराजा." ते म्हटल्याशिवाय बटण दाबायचं नाही, घरचा नियम आहे.
चाळीस मिनिटांत तांडेल मेला. वादळ, लाट, खलास.
आईने विचारलं, "काय झाला रे?" सगळं संगीत रडत होतं. मी म्हटलं, "पाण्यात पडला. चेडवाने ओढून काढला." तोंडातून निघून गेलं.

मंगळ., ४ फेब्रु.
कालपासून डोकं फिरलंय. अरे, कशाला मारलात? पहिल्या भागात दहा-दहा मिनिटं नुसतं होडीत बसायचं, नावाडी बोलतोय, आपण वल्हं मारतोय, बाकी काही नाही. तेच तर लोकांना आवडलं होतं! आता नकाशा पाचपट, जिथे बघावं तिथे पिवळे ठिपके, हे गोळा कर, ते गोळा कर. आणि धक्का द्यायचा म्हणून ज्याच्यासाठी परत आलो त्यालाच पहिल्या तासात उडवायचं. ह्याला गोष्ट सांगणं म्हणतात? डोंबल!
होडीत आता एक तरणा व्यापारी बसतो, अखंड बडबडतो. दुपारी त्याचं सगळं बोलणं मी तांडेलाच्या नावावर खपवलं.
आई: "आवाज बदललो रे तेचो."
मी: "सर्दी झालीय. पाण्यात पडला ना काल."
"मग तेका काढो दी म्हणा चेडवाक. आला घालून."
चेडवाने आल्याचा काढा दिला. गेममध्ये ती तेव्हा दोरखंड विकत घेत होती.

गुरु., ६ फेब्रु.
मजा यायला लागलीय, हे लिहून ठेवतो. आज दोन तास बोललो. दशावतारात कथा ठरलेली असते पण संवाद लिहिलेले नसतात, राजा उभ्या उभ्या रचतो. दत्तामामा, आईचा धाकटा भाऊ, वीस वर्षं राजा झाला. त्याच्या पेटाऱ्यावर बसून मी ऐकायचो. आज तांडेल बोलताना ते सगळं आपोआप येत होतं, मामाची फिरकी, मामाचा तो लांबवलेला सूर. शेवटी चेडू रडायला लागली तर मी म्हणून गेलो, "काळजी करू नको गो, मी आसंय मा." हे मामाचं वाक्य. फोन ठेवताना आईला दर वेळी म्हणायचा.
आईने पदराने नाक पुसलं.
मामा मागच्या वर्षी गणपतीला गावी निघाला आणि गाडीतच गेला. सावंतवाडी तीन तासांवर राहिली होती.

शनि., ८ फेब्रु.
माझ्या व्हिडिओ चॅनेलवर गेमचं परीक्षण टाकलं. चौदा मिनिटं. दहापैकी पाच. तांडेलाच्या मरणावरच चार मिनिटं बोललो, चांगलंच झोडपलं. खाली एकाने लिहिलंय, 'दादा, तू दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गेमला शिव्या घातल्या होत्यास, लोकांना आवडतं म्हणून मेलेल्याला जिवंत ठेवलं म्हणून. आता नक्की काय हवंय?'
बरोबर बोलला मेला. दुपारी तांडेलाने चेडवाला बांगड्याचं तिखलं करायला शिकवलं.

रवि., ९ फेब्रु.
घोडपदेवच्या बाजारात आई कोळणीला सांगत होती, "दुसरो भाग पयल्यापेक्षा बरो हा गो." मी बांगडे बघत उभा. जगात ह्या गेमची एवढी स्तुती कोणीच केली नसेल.
परवा तिच्या उजव्या डोळ्याचं ऑप. आहे. पट्टी निघाली की सगळं दिसणार. म्हणजे होडीतला तो झिपऱ्या व्यापारीही दिसणार. सांगून टाकायला हवं. आज सांगणार होतो, तिने गाऱ्हाणं घातलं आणि मी व्हय म्हाराजा म्हणून मोकळा झालो.

मंगळ., ११ फेब्रु.
ऑप. नीट झालं. परळच्या दवाखान्यातून दोनपर्यंत घरी. हिरवी पट्टी, वर काळा चष्मा, रुबाब काय विचारता. औषधाचे थेंब आणायला खाली गेलो, वीस मिनिटंही लागली नसतील. परत आलो तर शेजारची प्राची आईजवळ बसलेली, मोबाइलमधून माझाच आवाज. "पहिल्या तासात नावाड्याला मारून लेखकांनी..."
प्राची बिचारी कौतुकाने, "काकी म्हणाल्या, माझो झिल काय बोलता ता ऐकव."
चौदाच्या चौदा मिनिटं ऐकलं आईने. मग प्राचीला म्हणाली, जा आता, चहा नको करू. माझ्याशी शब्द नाही.

बुध., १२ फेब्रु.
पट्टी निघाली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, तिने बरोबर मोजली. घरी आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "केस पिकले तुझे." एवढंच. दुपारी टीव्ही बंद. खुर्ची भिंतीला.

शुक्र., १४ फेब्रु.
अजून अबोला. थेंब घालताना मान वर करते, डोळा मिटते, संपलं. चुकलंच माझं. लोकांसमोर खऱ्या-खोट्या गोष्टीवर एवढी तावातावाने बडबड करतो आणि घरात आपल्याच आईला आठ दिवस बनवत होतो. माफी मागायची तर सुरुवात कुठून करू, ते सुचेना. "आई, तो तांडेल..." म्हटलं तर हात वर केला तिने.

शनि., १५ फेब्रु.
शेवटी भांडली. बरं वाटलं.
"अख्ख्या जगाक खरा सांगतस, माका खोटा?"
मी म्हटलं, चुकलो. तुला वाईट वाटेल म्हणून.
"वाईट वाटला असता तर रडलंय असतंय. रडाक येता माका."
मग लसूण सोलायला बसली. मी पण घेतला एक गड्डा.
"बोलणा दत्त्याचा होता," ती म्हणाली. "माका तेव्हाच कळला. सर्दी झालेलो माणूस असो बोलता काय? मी म्हटलंय, जांव दे, दत्तो बोलता मा, बोलांदे."
मी आणखी एक गड्डा फोडला.
"आणि ता पाच गुण दिलंस ना, ता बरोबर. असो अर्ध्या पाण्यात माणूस मारतत? मराचो तर मरांदे, म्हातारो झालो. पण किनाऱ्याक लागान. दत्तो वाटेतच गेलो. ह्येका तरी घराक पोचव."
माझ्या चौदा मिनिटांत हे एक वाक्य नव्हतं.

रवि., १६ फेब्रु.
जेवणं झाली. आईने भिंतीची खुर्ची उचलली, टीव्हीसमोर आणली आणि उलटी ठेवली. पाठ टीव्हीकडे, तोंड माझ्याकडे.
"आई, आता दिसतंय ना तुला?"
"दिसता. म्हणानच. तो झिपरो माका बघूचो नाय."
मग हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक सांभाळ आणि तांडेलाक घराक पोचव रे म्हाराजा."
"व्हय म्हाराजा," म्हटलं मी. ह्या वेळी खरं म्हटलं.
दोन तास खेळलो. तांडेलाची सर्दी बरी झाली. आता एकच प्रकरण उरलंय, उद्या दुपारी संपेल. आई झोपल्यावर एकटाच पुढे खेळून बघितलं. गेम भर समुद्रातच संपतो, वर आभाळ आणि बनवणाऱ्यांची नावं. किनारा त्यांनी बनवलेलाच नाही. तो मलाच बोलून उभा करावा लागणार आणि पहिलं वाक्य अजून सुचलेलं नाही.