वेंडेलचं खोगीर

१४ सप्टेंबर

वेंडेलचं खोगीर मी फुकटात नवं करून दिलं, असं गावभर झालंय. होऊ दे! खरा हिशोब असा — दोन रविवार, आतून नवी लोकर, माझ्या अंगठ्याचं नख, आणि मेहुणीकडचं जेवण चुकवलं म्हणून बायकोचा, डॉटचा अबोला. अबोला खर्चात धरावा की नफ्यात, अजून ठरत नाही.

उद्या निघायचं. धान्याचं कोठार उडालं त्याला एकवीस वर्षं झाली. आतल्या धुळीनं पेट घेतला आणि सात माणसं गेली. वेंडेल त्यातलाच. दर सप्टेंबरात आम्ही घोड्यांवरून बिलिंग्ज शहरातल्या हॉस्पिटलपर्यंत जातो. वाटेत जमेल तो पैसा भाजलेल्यांच्या वॉर्डाला.

वेंडेलच्या घोड्यावर, निकलवर, दरवर्षी त्याची मुलगी बसायची. निकल आता सव्वीसचा. घोड्यांचा डॉक्टर म्हणाला, चालू दे, पण पाठीवर माणूस नको. म्हणून यंदा निकलवर नुसतं खोगीर. वेंडेलची बायको लोरेटा स्वतःच्या घोडीवर बसून त्याला दोरानं नेणार. निकलची ही शेवटची खेप. हॉस्पिटलच्या दारापर्यंत तो स्वतःच्या पायांनी पोचला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

खोगीर मीच कसलं. आमच्या फेरीचा म्होरक्या गस बघत होता. त्याला ऐकवलं, तीस वर्षं खोगिरं विकतोय, मी कसलेल्या खोगिराखाली घोड्याचा केससुद्धा वाकडा होत नाही.

१५ सप्टेंबर

वारा फार. गहू कापून झालाय, दोन्ही अंगांना नुसते खुंट. रिकामं खोगीर दिसलं की लोक आपोआप टोप्या काढतात. एक म्हातारा तर चालता ट्रॅक्टर थांबवून खाली उतरला.

संध्याकाळी बीन्स आणि मक्याचा पाव. वेंडेलची आठवण निघणारच. पोरवयात त्याच कोठारावर आम्ही दोघं पोती उतरवायचो. पुढे मी दुकान टाकलं, तो तिथंच राहिला. गुरांसाठी मिठाची एक वीट घ्यायला यायचा आणि दुपारपर्यंत पोत्यांवर पसरायचा. टोपी अंगठ्यानं मागे सारून गिऱ्हाईकांदेखत म्हणायचा, ‘अर्ल्या, तू मेंढीलासुद्धा खोगीर विकशील लेका!’ आता पोती प्लास्टिकची येतात. बसलं की माणूस घसरतो. कुणी बसतही नाही.

१६ सप्टेंबर

खोगीर किंचित हलतंय. पोटाखालचा पट्टा एक भोक आवळला.

१७ सप्टेंबर

आणखी एक भोक. निकल मागे राहतोय. गस म्हणाला, वय झालं. मीही तेच म्हणालो.

१८ सप्टेंबर

दुपारी ओढ्यावर लोरेटानं खोगीर उतरवलं आणि मला हाक मारली. निकलच्या मानेमागे तळहाताएवढी कातडी गेलेली. लोकर लाल. लोंबत्या रिकिबी आपटून बरगड्यांवरही वळ.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

‘यात माणूस बसायचा, अर्ल,’ ती म्हणाली. ‘त्याच्या वजनानं ते जागेवर राहायचं.’

रिकामं खोगीर पावलागणिक उडत होतं, घासत होतं — आणि मी रोज सकाळी पट्टा आवळत होतो!

गसचं मत पडलं, निकलला गाडीत घालावं, खोगीर दुसऱ्या घोड्यावर चढवावं. त्याचं म्हणणं, लोक उभे राहतात ते रिकाम्या खोगिरासाठी.

‘मग बसून राहू देत,’ लोरेटा म्हणाली.

तिनं जखमेला मलम लावलं. मग तिनं आपल्या घोडीचा लगाम माझ्या हातात दिला आणि निकलच्या बाजूनं पायी चालू लागली. निकलच्या अंगावर काही नाही. पहिल्यांदाच त्यानं मान खाली सोडली.

खोगीर मी माझ्यापुढे आडवं घेतलंय. भलतंच जड आहे.

१९ सप्टेंबर

निकल दारापर्यंत चालत आला. उघड्या पाठीनं. लोक उभे राहिले.

संध्याकाळी गसनं सगळे घोडे तपासले. पाठ सोललेला एकच निघाला, ज्याचं खोगीर मी कसलं होतं तो.